तंत्रिका तंत्र, मानवी

तंत्रिका तंत्र, मानवी : शरीराच्या आत व बाहेर घडणाऱ्या बदलांची माहिती गोळा करणे, तिचा अर्थ लावणे, ती साठविणे आणि तदनुसार स्नायू व ग्रंथी यांच्याकडून योग्य ते कार्य करवून घेणे ही कामे करणाऱ्या इंद्रियसमूहाला तंत्रिका तंत्र म्हणतात. कवटीतील मेंदू व पाठीच्या कण्यातील मेरुरज्जू मिळून मध्यवर्ती तंत्रिका तंत्र होते. त्यांच्यापासून निघून सर्व शरीरभर पसरणाऱ्या तंत्रिकांचा समावेश परिसरीय तंत्रिका तंत्रात होतो. व्यवहारात या तंत्राला ‘मज्जासंस्था’ व तंत्रिकांना ‘मज्जातंतू’ म्हणण्याचा प्रघात आहे. तथापि मज्जा म्हणजे हाडांच्या पोकळीतील मगज. तीत रक्तातील कोशिका (पेशी) तयार होतात आणि तिचा या तंत्राशी रचनेच्या दृष्टीने काहीही संबंध नाही. हा घोटाळा टाळण्यासाठी प्रस्तुत नोंदीत ‘तंत्रिका’ हीच संज्ञा वापरली आहे.

विचार व भावना यांचे स्थान मेंदूत आहे ही गोष्ट आज स्वयंसिद्ध वाटते. पण ती तशी नाही. चरकसंहितेत चेतनेचे स्थान हृदय मानले आहे आणि ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल यांचेही मत तेच होते. हृदयाची धडधड भीतीने वा आनंदाने वाढलेली प्रत्येकाला जाणवते. मेंदू मात्र काम करीत असताना कसलीही जाणीव देत नाही. त्याच्या ऊतकात (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहात) वेदना ग्रहण करणारी यंत्रणाच नसते. त्यामुळे मेंदूवरील काही शस्त्रक्रिया रुग्ण जागा असताना, त्याच्याशी बोलत करता येतात. अशा मूक इंद्रियाचा कोणता भाग काय करतो, हे ज्ञान निरोगी माणसाच्या निरीक्षणातून मिळणे कठीणच होते. ते बव्हंशी इजा, रोग व विष यांनी एखादा भाग निकामी केल्यावर रुग्ण काय गमावतो, यावरूनच मिळाले आहे.

तंत्रिका कोशिका : या तंत्राचा मूलघटक म्हणजे तंत्रिका कोशिका. तिला एक पिंड, त्यापासून झाडाच्या फांद्यांप्रमाणे फुटलेले अनेक आखूड अभिवाही प्रवर्ध (संदेश आत आणणारे फाटे) आणि संदेश बाहेर नेणारा एकच अक्षतंतू असतो. कमरेजवळील मेरुरज्जूत पिंड असलेल्या काही कोशिकांचा अक्षतंतू पायाच्या बोटापर्यंत, म्हणजे सु. १ मी. लांब जातो, त्याची जाडी मात्र मिलिमीटरच्या काही सहस्रांश भागांइतकीच असते. इटालियन शास्त्रज्ञ कामील्लो गॉल्जी यांनी १८७३ मध्ये रजताच्या लवणांनी या कोशिका रंगविण्याची पद्धत शोधली आणि तीच पद्धत सुधारून स्पॅनिश शास्त्रज्ञ सांत्यागो रामॉन ई काहाल यांनी प्रत्येक तंत्रिका कोशिका स्वतंत्र असते, असे दाखविले. गॉल्जी यांना हे मत मान्य नव्हते. सर्व कोशिकांचे मिळून एक अखंड जाळे बनते असे ते मानीत. दोघांना १९०६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले व पारितोषिक स्वीकारतानाच्या व्याख्यानातही गॉल्जी यांनी आपला विरोध सोडला नाही. पुढे काहाल यांचेच मत खरे ठरले.

मेंदूत सु. १०० अब्ज तंत्रिका कोशिका व त्यांच्या दहापट आधारकोशिका असतात, असे विधान पाठ्यपुस्तकांतून दीर्घकाळ केले जात होते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रत्यक्ष मोजणीत तंत्रिका कोशिका सरासरी ८६ अब्ज व आधारकोशिका जवळजवळ तितक्याच असल्याचे आढळले. आधारकोशिका केवळ आधार देतात असेही नाही. तंत्रिका कोशिकांचे पोषण, अक्षतंतूंभोवती वसायुक्त आवरण तयार करणे व मृत भागांची विल्हेवाट लावणे ही कामे त्या करतात.

तंत्रिका आवेग : तंत्रिकेतून जाणारा संदेश विद्युत् स्वरूपाचा असतो, याचे पहिले गमक इटालियन शास्त्रज्ञ लूईजी गॅल्व्हानी यांनी बेडकाच्या पायावर केलेल्या व १७९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मिळाले. मात्र हा प्रवाह तारेतून वाहणाऱ्या विजेसारखा नव्हे. विश्रांत अवस्थेत कोशिकेचा आतला भाग बाहेरच्या मानाने सु. ७० मिलिव्होल्ट ऋण असतो. उद्दीपन होताच कोशिकापटलातील सूक्ष्म मार्ग उघडून सोडियमाचे विद्युत् भारित कण आत शिरतात, त्या जागचा विद्युत् भार क्षणमात्र उलटतो व हा बदल शेजारच्या भागाला उद्दीपित करतो. शेतातील वाळलेल्या गवताच्या ओळीतून आग सरकत जावी तसा आवेग पुढे सरकतो. फरक इतकाच की, येथे ‘गवत’ काही सहस्रांश सेकंदांत पुन्हा पूर्ववत होते.

हा वेग मोजता येणार नाही, असे योहानेस म्यूलर यांच्यासारख्या श्रेष्ठ शरीरक्रियावैज्ञानिकाचे मत होते. त्यांचेच विद्यार्थी हेल्महोल्ट्स यांनी १८५० मध्ये बेडकाच्या तंत्रिकेत तो मोजला व तो सेकंदाला अवघा ३० मी. च्या आसपास भरला. मानवातील जाड व वसावेष्टित तंतूंत तो सेकंदाला १२० मी. पर्यंत जातो, उलट आवरणरहित बारीक तंतूंत तो १ मी. च्या आसपासच असतो. पायाला ठेच लागली असता प्रथम तीक्ष्ण कळ येते आणि क्षणभराने ठणका सुरू होतो, याचे कारण या दोन संवेदना वेगवेगळ्या वेगाच्या तंतूंतून येतात, हे होय.

एका कोशिकेचा अक्षतंतू दुसरीला प्रत्यक्ष चिकटलेला नसतो. दोहोंमधील अतिसूक्ष्म फटीसह या सांध्याला अनुबंधन म्हणतात. आवेग तेथे पोहोचला की, अक्षतंतूच्या टोकातून विशिष्ट रसायन फटीत सुटते व पुढच्या कोशिकेला उद्दीपित करते किंवा तिचा निरोध करते. ओटो लव्ही यांनी १९२१ मध्ये हे दाखविले. बेडकाच्या एका हृदयाची तंत्रिका उद्दीपित करून ते मंद केल्यावर त्याभोवतालचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडताच तेही मंद झाले. अनेक विषे नेमका हाच सांधा गाठतात. मण्यार व नाग यांच्या विषातील काही प्रथिने तंत्रिका व स्नायू यांमधील संदेशवहन बंद पाडतात. रुग्णाच्या पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही व अखेर श्वसनाचे स्नायू थांबतात. मण्यारीच्या दंशाच्या जागी पुष्कळदा सूज वा वेदना नसल्याने रात्री झोपेत झालेला दंश लक्षातही येत नाही. अशा रुग्णाला प्रतिविषाबरोबर काही दिवस यंत्राने श्वास देत ठेवल्यास तो पूर्ण बरा होऊ शकतो. कारण त्याचा मेंदू शाबूत असतो.

परिसरीय तंत्रिका : मेंदूपासून १२ व मेरुरज्जूपासून ३१ तंत्रिकांच्या जोड्या निघतात. मेरुतंत्रिकेच्या पश्चमूळातून संवेदना आत येतात व अग्रमूळातून स्नायूंना जाणाऱ्या प्रेरणा बाहेर पडतात. संवेदनेचे, त्यातही वेदनेचे, मोल किती आहे हे कुष्ठरोगावरून कळते. या रोगाच्या जंतूंचा मुख्य हल्ला त्वचा व परिसरीय तंत्रिका यांवर असतो. कोपराच्या आतील बाजूस हाडाजवळून जाणारी अंतःप्रकोष्ठ तंत्रिका जाड होते, करंगळी व अनामिका वाकतात आणि त्या भागाची संवेदना जाते. कुष्ठरोगात बोटे ‘झडतात’ ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. वस्तुतः बधिर हाताला चटका बसला, पायात काटा मोडला तरी रुग्णाला कळत नाही. न कळलेल्या जखमा चिघळतात व त्यांतून हाडांची हानी होत जाते. वेल्लोर येथे पॉल ब्रँड यांनी १९४० नंतरच्या दशकाअखेरीपासून केलेल्या कामाने ही गोष्ट स्पष्ट झाली व वाकलेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करून हात पुन्हा कामाचा करता येऊ लागला. महाराष्ट्रात बाबा आमटे यांनी वरोड्याजवळ १९४९ मध्ये स्थापन केलेल्या आनंदवनात संवेदना गमावलेल्या हातांनीच शेती व हस्तव्यवसाय उभे राहिले. १९८० नंतरच्या दशकात बहुऔषधी उपचार आल्यापासून हा रोग पूर्ण बरा होतो. मात्र एकदा नष्ट झालेली तंत्रिका सहसा पूर्ववत होत नसल्याने त्वचेवरील बधिर चट्टा दिसताच उपचार सुरू होणे आवश्यक असते.

स्वायत्त तंत्रिका तंत्र : हृदय, रक्तवाहिन्या, आतडी, घर्मग्रंथी इत्यादींचे कार्य इच्छेच्या आधीन नसते. त्यांवर अनुकंपी व परानुकंपी अशा दोन विभागांचे नियंत्रण असते. संकटसमयी अनुकंपी विभाग हृदयाची गती व रक्तदाब वाढवितो. परानुकंपी विभाग विश्रांती व पचन यांना अनुकूल असतो. निरोगी अवस्थेत दोहोंचा तोल सतत सांभाळला जातो. कोकणात सर्रास आढळणाऱ्या लाल विंचवाचे विष हा तोल पार बिघडविते. त्यामुळे तंत्रिकांतील सोडियमाचे मार्ग बंद होण्यास विलंब लागतो व अनुकंपी रसायनांचा पूर लोटतो. रुग्णाला दरदरून घाम सुटतो, हातपाय गार पडतात, रक्तदाब भडकतो आणि अखेर फुप्फुसात पाणी साचते. पूर्वी या दंशाने, विशेषतः मुलांचे, मृत्यू होत. रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० नंतरच्या दशकात अशा रुग्णांची बारकाईने नोंद ठेवली व रक्तवाहिन्या आकुंचित करणाऱ्या अनुकंपी परिणामाचा रोध करणारे प्राझोसीन हे साधे, तोंडाने देण्याचे औषध वापरात आणले. त्यामुळे या दंशाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण खूपच घटले.

मेरुरज्जू : हा सु. ४५ सेंमी. लांबीचा दोर कण्याच्या संपूर्ण लांबीभर नसतो. प्रौढात तो कमरेच्या पहिल्या किंवा दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. म्हणूनच तपासणीसाठी मस्तिष्क-मेरुद्रव काढताना सुई त्याखालील मणक्यांमध्ये टोचतात. मेरुरज्जूच्या आडव्या छेदात मध्यभागी फुलपाखराच्या आकाराचे करडे द्रव्य व त्याभोवती पांढरे द्रव्य दिसते. करड्या भागात कोशिकांचे पिंड व पांढऱ्या भागात मेंदूकडे जाणारे-येणारे तंतू असतात. पोलिओचे विषाणू करड्या द्रव्याच्या पुढील भागातील प्रेरक कोशिकाच नष्ट करतात. त्यामुळे पाय लुळा पडतो, पण त्याची संवेदना कायम राहते. (भारतात नैसर्गिक विषाणूने झालेल्या पोलिओचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला.)

मेरुरज्जू हा केवळ वाहक नाही. तापलेल्या तव्याला बोट लागताच हात मागे येतो व चटक्याची जाणीव त्यानंतर होते. संवेदना मेरुरज्जूत पोहोचताच तेथूनच स्नायूंना आज्ञा सुटते. मेंदूला वार्ता मागाहून कळते. अशा क्रियांना प्रतिक्षेपी क्रिया म्हणतात. गुडघ्याखालील कंडरेवर हातोडी मारून वैद्य पाहतात ती क्रिया याच प्रकारची होय.

मेंदू : प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन सु. १.३ ते १.४ किग्रॅ., म्हणजे शरीराच्या सु. २% असते, विश्रांत अवस्थेत शरीर वापरते त्यापैकी सु. २०% ऑक्सिजन मात्र तो एकटा वापरतो. दृढतानिका, जालतानिका व मृदुतानिका ही तीन आवरणे त्याभोवती असतात. शेवटच्या दोहोंमधील जागेत व मेंदूतील पोकळ्यांत मिळून सु. १५० घ. सेंमी. मस्तिष्क-मेरुद्रव असतो. त्यात तरंगत असल्याने मेंदूचा तळावरील प्रत्यक्ष भार केवळ सु. ५० ग्रॅ. इतका भरतो. एरवी तो स्वतःच्याच वजनाने चेपला गेला असता.

मेंदूचा सर्वांत मोठा भाग म्हणजे प्रमस्तिष्क. त्याचे दोन गोलार्ध महासंयोजी पिंडाने जोडलेले असतात. पृष्ठभागावरील २ ते ४ मिमी. जाडीच्या करड्या थराला प्रमस्तिष्क बाह्यक म्हणतात. त्याला असंख्य घड्या असून सु. दोनतृतीयांश पृष्ठभाग त्यांत दडलेला असतो. प्रत्येक गोलार्धाचे ललाट, पार्श्व, शंखक व पश्चकपाल असे चार खंड मानतात. दृष्टिसंवेदनांचा अर्थ डोक्याच्या मागच्या, पश्चकपाल खंडात लागतो. ध्वनीचा शंखक खंडात. ललाट खंडाच्या मागील कडेवर स्नायूंच्या ऐच्छिक हालचालींचे क्षेत्र व त्यालगत पार्श्व खंडात स्पर्शाचे क्षेत्र असते. या क्षेत्रांत शरीराचा जणू नकाशाच असतो. पण तो प्रमाणबद्ध नसतो. संपूर्ण धड व पाय यांपेक्षा हात, ओठ व जीभ यांना कितीतरी अधिक जागा मिळालेली असते.

बहुतेक प्रेरक तंतू लंबमज्जेच्या तळाशी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातात. त्यामुळे डावा गोलार्ध शरीराच्या उजव्या भागावर नियंत्रण ठेवतो. भाषेचे कार्यही बहुसंख्य लोकांत डाव्याच गोलार्धात असते. पॅरिस येथे पॉल ब्रॉका यांनी १८६१ मध्ये अनेक वर्षे ‘तां’ या एका उच्चाराशिवाय काहीही बोलू न शकलेल्या रुग्णाच्या मेंदूची मरणोत्तर तपासणी केली व डाव्या ललाट खंडातील विकृत जागा दाखविली. या रुग्णाला दुसऱ्याचे बोलणे बरेचसे समजत असे. उलट, कार्ल व्हेर्निके यांनी १८७४ मध्ये वर्णिलेले रुग्ण अस्खलित बोलत, पण त्या बोलण्याला अर्थ नसे व दुसऱ्याचे बोलणे त्यांना कळत नसे. त्यांच्यात इजा शंखक खंडाच्या मागील भागात होती.

ललाट खंडाचा पुढील भाग संयम, नियोजन व तारतम्य यांच्याशी निगडित आहे. याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण फिनिअस गेज या अमेरिकन मुकादमाचे होय. १८४८ मध्ये रेल्वेमार्गावर सुरुंग ठासत असता स्फोट होऊन १ मी. हून लांब लोखंडी कांब त्याच्या डाव्या गालातून शिरून डोक्यातून आरपार गेली. तो जगला, बोलत-चालत राहिला. पण शांत व भरवशाचा हा माणूस उतावळा व शिवराळ झाल्याचे त्याच्या वैद्यांनी नोंदविले. ही कथा पुढे बरीच रंगविली गेली. त्याने नंतर काही वर्षे चिली देशात घोड्यांच्या प्रवासी गाडीवर नोकरी केली, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही; तीवरून त्याच्यात बरीच सुधारणा झाली असावी असे दिसते.

स्मृतीसंबंधीचे ज्ञान असेच एका दुर्दैवी रुग्णाने दिले. हेन्री मोलायसन या अमेरिकन तरुणाच्या असाध्य अपस्मारावर उपाय म्हणून १९५३ मध्ये दोन्ही शंखक खंडांचा आतील भाग, हिप्पोकँपससह, काढून टाकण्यात आला. झटके कमी झाले. पण त्यानंतर भेटलेली कोणतीही व्यक्ती त्याला लक्षात ठेवता आली नाही. बालपण मात्र आठवत होते. ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात पाहून आकृती गिरविण्यास शिकविले. दररोज त्याचा हात सुधारत गेला, तरी आपण हे पूर्वी केले आहे हे त्याला प्रत्येक वेळी नवीनच असे. घटनांची स्मृती व कौशल्याची स्मृती मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी असतात, हे यावरून सिद्ध झाले. २००८ मध्ये त्याचा मृत्यू झाला.

प्रमस्तिष्काच्या खोल भागातील तलस्थ गंडिका हालचालींचे नियमन करतात. त्यांना डोपामीन हे रसायन पुरविणाऱ्या मध्यमस्तिष्कातील कोशिका नष्ट झाल्या की कंपवात जडतो. यावरील लेव्होडोपा हे औषध खाजकुइलीच्या बियांत असते व ते त्या बियांपासून भारतीय संशोधकांनी १९३७ मध्येच वेगळे केले होते. रुग्णांसाठी त्याचा उपयोग मात्र १९६० नंतर सुरू झाला. थॅलॅमस हे बाह्यकाकडे जाणाऱ्या संवेदनांचे ठाणे आहे, तर अधोथॅलॅमस भूक, तहान, तापमान व पोष ग्रंथीचे स्राव यांवर नियंत्रण ठेवते. कवटीच्या मागील तळाशी असलेले निमस्तिष्क हालचालींत सुसूत्रता व तोल आणते. मद्यपीची झोकांडी ही त्याच्यावरील परिणामाची खूण होय. वजनाने मेंदूचा सु. दशांश असलेल्या या भागात एकूण तंत्रिका कोशिकांपैकी सु. चारपंचमांश असतात.

रक्तपुरवठा : मानेतील दोन ग्रीवा व दोन कशेरुक रोहिण्यांमधून मेंदूला रक्त मिळते. मेंदू इंधनाचा साठा जवळजवळ करीतच नाही. रक्त थांबल्यास काही सेकंदांत शुद्ध हरपते व काही मिनिटांत कोशिका मरू लागतात. रोहिणीत गुठळी अडकल्याने किंवा ती फुटल्याने होणाऱ्या आघाताला लोकभाषेत लकवा किंवा अर्धांगवायू म्हणतात. एकाएकी तोंड वाकडे होणे, एक हात उचलता न येणे व बोलणे अडखळणे ही त्याची प्रमुख लक्षणे होत. गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते व त्याआधी मेंदूचे संगणकीय क्ष-किरण चित्रण करून रक्तस्राव नाही ना, हे पाहावे लागते. मोठी रोहिणी बंद झाल्यावर प्रत्येक मिनिटास सु. १९ लाख तंत्रिका कोशिका मरतात, असा अंदाज आहे. तेल चोळण्यात व रात्र सरण्याची वाट पाहण्यात गेलेला वेळ भरून येत नाही. वाचलेले भाग सरावाने गमावलेल्या कार्याचा काही वाटा उचलू शकतात. व्यायामोपचाराने झालेली सुधारणा ही बव्हंशी अशा नव्या जोडण्यांची असते. मेलेल्या कोशिका पुन्हा उत्पन्न झाल्यामुळे नव्हे.

मस्तिष्क स्तंभ : मध्यमस्तिष्क, सेतू व लंबमज्जा मिळून झालेला हा भाग अंगठ्याएवढा असून प्रमस्तिष्काला मेरुरज्जूशी जोडतो. श्वसनाची लय, रक्तदाबाचे नियमन, गिळणे, खोकणे यांची केंद्रे व माणसाला जागे ठेवणारी यंत्रणा येथेच असते. प्रमस्तिष्काचा मोठा भाग निकामी होऊनही मस्तिष्क स्तंभ शाबूत असेल, तर रुग्ण स्वतः श्वास घेत, डोळे उघडमीट करीत वर्षानुवर्षे राहू शकतो. याउलट मस्तिष्क स्तंभ कायमचा नष्ट झाल्यास चेतना व श्वसन दोन्ही परत येत नाहीत. हृदयाला स्वतःची लय असल्याने कृत्रिम श्वसन चालू असेपर्यंत ते काही काळ धडधडत राहते. छाती हलते व अंग उबदार लागते. अशा व्यक्तीला मृत मानणे नातेवाइकांना साहजिकच कठीण जाते.

या अवस्थेला भारतात मृत्यू म्हणून कायदेशीर मान्यता मिळाली ती मानवी अवयव प्रतिरोपण अधिनियम, १९९४ याने. संसदेने हा कायदा महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेश या राज्यांच्या विधिमंडळांच्या ठरावांवरून केला व फेब्रुवारी १९९५ मध्ये तो याच राज्यांत प्रथम अंमलात आला. निदान चार वैद्यांचे मंडळ करते व तपासणी किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा करावी लागते. विषबाधा, मादक वा गुंगीची औषधे व शरीराचे तापमान फार उतरणे ही कारणे आधी वगळावी लागतात. वर सांगितलेल्या मण्यारीच्या दंशाचा रुग्णही वरवर पाहता असाच निश्चल दिसू शकतो. त्यानंतर मस्तिष्क स्तंभातून निघणाऱ्या तंत्रिका क्रमाने पारखतात. डोळ्यावर प्रकाश टाकल्यास बाहुली आकुंचित होते का, बुबुळाला कापसाचा स्पर्श होताच पापणी मिटते का, कानात बर्फाचे पाणी सोडल्यास डोळा वळतो का, श्वासनलिकेत नळी सरकविल्यास खोकला येतो का, हे पाहिले जाते. शेवटी ऑक्सिजन देत ठेवून श्वसनयंत्र काही मिनिटे थांबवितात व रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड पुरेसा वाढू देतात. लंबमज्जेत जीव असल्यास एवढ्या उद्दीपनाने छाती एकदा तरी हलते. दोन्ही तपासण्यांत ती न हलल्यास मंडळ मृत्यूचे प्रमाणपत्र देते व नातेवाइकांची संमती असल्यास मूत्रपिंडे, यकृत, हृदय यांसारखे अवयव दुसऱ्या रुग्णांसाठी काढता येतात.